पाचची हजेरी

पाचला पाच मिनिटं कमी. टेकडीवरची पत्र्याची खोली, तिला पश्चिमेकडे एक मोठी काच आणि काचेपलीकडे आखाताचं पाणी. ऊन हळूहळू टेबलाकडे सरकतंय. टेबलावर वायरलेसची जुनी पेटी, एक वही, शिसपेन्सिल. खुर्ची एकच. भिंतीवर फळी ठोकलेली, फळीवर खिळ्यांच्या दोन रांगा आणि खिळ्यांना लटकलेले लाकडी चिमटे, कपडे वाळत घालायचे. प्रत्येक चिमट्यावर तेलरंगात एकेका बोटीचं नाव. वरची रांग बाहेर गेलेल्यांची, खालची घरी आलेल्यांची.

दार ढकलून व्हर्ना पॅस्को आत येते. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघा दुखरा, पाठ मात्र ताठ. स्वेटर खुंटीला लावते, बाहीने काच पुसते, खुर्चीत बसते. मग पर्समधून लिपस्टिक काढते आणि आरशाशिवाय, दोन फटक्यांत, ओठांवरून फिरवते.

तिच्या नवऱ्याने, कीथने, एकदा विचारलं होतं, हे कुणासाठी म्हणून. बोटीवरच्यांना थोडंच दिसतंय.

"दिसत नाही, ऐकू येतं," व्हर्ना म्हणाली होती.

पोर्ट हॅलमच्या पाण्यावर अठ्ठावीस वर्षं संध्याकाळी पाचला हाच आवाज उमटत आला. "पोर्ट हॅलम, सर्व बोटींना. पाच वाजले. हजेरी घेते." मग एकेक बोट आपलं नाव सांगायची, कुठे आहे ते सांगायची आणि बोटीवर माणसं किती ते सांगायची. सगळ्यांचं झालं की व्हर्ना शेवटचा प्रश्न विचारायची, "आणखी कुणी आहे का?" आणि मनात तीसपर्यंत आकडे मोजून मगच पेटी बंद करायची. कुणी नवखा असेल, कुणाची बॅटरी मंद असेल, कुणी मासा ओढत असेल. तीसपर्यंत थांबलं की तोही सापडायचा.

लोकांना दुसऱ्याच्या आवाजापर्यंत पोचवण्याचं काम तिच्याकडे फार लवकर आलं. सोळाव्या वर्षी ती पोस्टातल्या टेलिफोनच्या फळीपुढे बसली. साठ भोकं, साठ दोऱ्या आणि कानाला लावलेलं यंत्र. गावातल्या कुणी डॉक्टरांचा नंबर मागितला तर ती म्हणे, डॉक्टर घरी नाहीत, केसेलांकडे पत्ते खेळतायत, तिकडेच जोडून देते. कोण कुणाशी किती वेळ बोलतं आणि कोण बोलायचं बंद झालंय, हे तिला त्यांच्या आयांच्या आधी कळायचं, आणि ते तिने कधी कुणाला सांगितलं नाही. मग एक दिवस आपोआप जोडणारं यंत्र आलं. पोस्टमास्तरांनी केक कापला, व्हर्नाने आपली शेवटची दोरी उपसली आणि घरी गेली.

पुढे ती धान्याच्या कोठारावर वजनकाट्याच्या खोलीत लागली. बार्लीचे ट्रक यायचे, ती खिडकीतून हात बाहेर काढून पावती द्यायची आणि बायकोचं ऑपरेशन कसं झालं ते विचारायची. तिथे कॉम्प्युटर आला तेव्हा ड्रायव्हर कार्ड लावून खाली न उतरताच पुढे जायला लागले. तेव्हा ती पन्नाशीला आलेली. मासेमारांच्या मदत मंडळाला वायरलेसवर बसायला कुणीतरी हवं होतं. पगार नव्हता. तिने विचारलंसुद्धा नाही.

या पाण्यावरचे दोन रिवाज सांगायला हवेत, कारण पुढे जे झालं ते त्यांच्यामुळेच झालं.

पहिला असा, की बंदराबाहेर मैलभर अंतरावर वाळूच्या पट्ट्यापाशी एक लाल खांब आहे. परतणारा मासेमार त्या खांबाशी आला की वायरलेसवर "घरी" म्हणतो. खरं तर घरी पोचायला त्याला अजून मैलभर पाणी कापायचं असतं, पण गावातल्या बायका तेवढं ऐकून चहाचं पाणी ठेवायच्या. व्हर्ना नुसत्या त्या शब्दावर चिमटा खाली आणत नसे. बोट आपल्या बोयाला, म्हणजे नांगरलेल्या तरंगत्या गोळ्याला, बांधलेली काचेतून दिसली, की मगच.

दुसरा असा, की समुद्र कायमचा सोडणाऱ्याने तो हजेरीतच सोडायचा. नाव सांगायचं, माणसं सांगायची आणि म्हणायचं, "माझं संपलं." त्यावर कुणी भाषण करत नाही. पाण्यावर असलेली प्रत्येक बोट आपल्या माइकचं बटण दोनदा दाबते. टक टक. बस्स. कीथने आपलं संपल्याचं इथेच सांगितलं होतं, आपल्याच बायकोला, सगळ्यांच्या देखत. त्या संध्याकाळी एकोणीस बोटींनी टक टक केलं. व्हर्नाने एकेक मोजलं होतं. कीथ जाऊन आता अकरा वर्षं झाली. मुलगी जॅनीन पर्थला असते. रविवारी फोनवर चेहरा दाखवते आणि दाखवताना दुसरंच काहीतरी आवरत असते.

गेल्या वर्षी मंडळाने बोटींसाठी फोनवरचं नवं ॲप घेतलं. मासेमाराने निघताना बटण दाबायचं, पोचल्यावर बटण दाबायचं. मधल्या काळात त्याची बोट स्क्रीनवर हिरवा ठिपका होऊन हलत राहते. वेळेत दुसरं बटण दाबलं नाही तर ठिपका लाल होतो आणि मंडळाच्या चार जणांचे फोन वाजतात. मंडळाचा प्रमुख डॅरन नॅनकिव्हेल, चव्वेचाळीस वर्षांचा, मनाने चांगला. म्हाताऱ्यांना शिकवायला त्याने सभागृहात दोन शनिवार वर्ग घेतला.

सात जण आले. मर्व्ह केसेल, वय एकोणऐंशी, 'जेसी मे'चा मालक, फोन असा धरून बसला होता जसा जिवंत खेकडा धरतात, मागून, दोन बोटांनी.

"डॅरन, हे विचारतंय मी माणूस आहे का," तो म्हणाला. "इतक्या वर्षांत बायको सोडून कुणी विचारलं नव्हतं."

डॅरनने सांगितलं, की खाली चित्रं येतील, त्यातली सिग्नलचा दिवा असलेली निवडायची.

"आपल्या गावात एक तरी सिग्नल आहे का? म्हणजे मी नापास."

सगळे हसले. व्हर्ना हसली नाही, कारण तिचं तोवर झालं होतं. नोंद, पासवर्ड, निघणे, पोचणे, सगळं. डॅरनने तिचा फोन हातात घेऊन पाहिला आणि त्याला नवल वाटलं.

"व्हर्ना, तुम्हाला तर मस्त येतंय."

"साठ दोऱ्या होत्या रे माझ्यापुढे. इथे एक बोट आणि एक बटण."

मग तुम्हाला हे आवडत का नाही, असं त्याने सरळच विचारलं. व्हर्नाला त्या वेळी नीट सांगता आलं नाही. गावात सगळ्यांना वाटायचं की म्हाताऱ्यांना यंत्राची भीती वाटते. तिला भीती वाटत नव्हती. दवाखान्यात आता दारातल्या पडद्यावर आपलं नाव दाबून गुपचूप बसायचं असतं. पूर्वी काउंटरवरची मुलगी निदान गुडघा कसा आहे ते विचारायची. बँकेची शाखा गेली, तिथला कारकून गेला, तिच्या सहीला नावं ठेवणारं कुणी राहिलं नाही. पैसे मिळत होते, औषधं मिळत होती, काही अडत नव्हतं. तिचं दुखणं एवढंच होतं की या यंत्रांना सगळं माहीत असतं, त्यामुळे ती काही विचारतच नाहीत. ठिपका सांगत होता की 'टू ब्रदर्स' दक्षिणेला सहा मैलांवर आहे. तिच्यावरच्या स्टाव्रोसचा खोकला कमी झाला की नाही, ते ठिपक्यात कुठे दिसतं? आणि सहा दिवस कुणी आपल्याशी बोललं नाही, हे त्या स्क्रीनला सांगायचं तरी कसं?

वायरलेसचं काय करायचं, यावर मंडळाची बैठक झाली. छपरावरची तार गंजली होती, नवी घ्यायला हवी होती. डॅरनने मधला मार्ग काढला. मार्चअखेरपर्यंत दोन्ही चालू ठेवायचं. त्यानंतर एक जरी बोट रोज वायरलेसवर बोलत असली, तरी नवी तार घ्यायची आणि हजेरी चालू ठेवायची. एकही नसली तर बंद. व्हर्नाने हात वर करून संमती दिली. वाजवी बोलणं होतं ते.

जानेवारीत नऊ बोटी बोलत होत्या. सोडून जाताना पहिल्या दोघातिघांनी सांगितलं तरी. राग नको व्हर्न, फोनवर सोपं पडतं, हात मोकळे राहतात. नंतरचे न सांगताच गळाले. फेब्रुवारीत चार उरल्या. मार्च लागला तेव्हा एक. मर्व्ह.

मग हजेरी अशी व्हायची. व्हर्ना लिपस्टिक लावायची, सर्व बोटींना हाक द्यायची आणि एकच आवाज यायचा. "जेसी मे. लाल खांबाच्या उत्तरेला. माणसं एक. आज व्हायटिंग मासे चांगले लागले, आणि तुझ्या आवाजाला सर्दी झाल्यासारखी वाटतेय." झाली नव्हती, पण विचारलं म्हणून ती घसा खाकरून दाखवायची. बाजूला मंडळाचा स्क्रीन होता, त्यावर सात-आठ ठिपके निमूट हलत असायचे. ती त्यांची नावं हळू आवाजात घ्यायची. मग "आणखी कुणी आहे का?" आणि तीसपर्यंत आकडे. घरी जाताना मनात हिशेब एकच: मर्व्ह आहे तोवर हजेरी आहे.

चौदा मार्चला मर्व्ह बोलला नाही.

तिने तीनदा हाक दिली. मग स्क्रीनकडे पाहिलं. 'जेसी मे', घरी, चार वाजून दहा मिनिटं. तिने काचेतून खाली पाहिलं. जेसी मेच्या जागी नारिंगी बोया एकटाच डुलत होता.

पन्नास वर्षं हा माणूस लाल खांबापाशी घरी म्हणतोय. आता फोनवरही त्याने तिथेच बटण दाबलं असणार. यंत्राने ते खरं मानून त्याचं पान मिटवलं, आता कुणाचाही फोन वाजणार नाही. आणि खांबापासून धक्क्यापर्यंत मैलभर पाणी, ओहोटी लागलेली, बोटीवर एक म्हातारा. तिने मर्व्हला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. तिने डॅरनला लावला.

तो म्हणाला, की स्क्रीनवर तर मर्व्ह घरी दिसतोय.

"स्क्रीनला त्याने सांगितलं असेल. मला बोट दिसत नाहीये."

"व्हर्ना, कदाचित तो—"

"डॅरन, तुझे वडीलसुद्धा लाल खांबापाशीच घरी म्हणायचे. आठव."

पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. मग डॅरन म्हणाला, निघतो.

तो जेवण अर्धवट टाकून निघाला, आणखी तिघे आपापली कामं टाकून आले. मदतीची बोट सुटली. व्हर्ना पेटीपुढे बसली. दर दहा मिनिटांनी ते सांगत होते, खांब ओलांडला, वाळूचा पट्टा पाहिला, काही नाही; आणि ती ओहोटीचा वेळ, वाऱ्याची दिशा, जेसी मे कुठे वाहून जाऊ शकते ते सांगत होती. तिचा आवाज खणखणीत लागला होता. स्टाव्रोसने बंदरातूनच वायरलेस लावून विचारलं, येऊ का मदतीला. आणखी एक बोट बोलली, मग आणखी एक. खोली आवाजांनी भरून गेली. मध्येच तिच्या लक्षात आलं की आपण खुर्चीच्या कडेवर पुढे सरकून बसलो आहोत, गाल तापलेत आणि आपल्याला बरं वाटतंय. मर्व्ह कदाचित पाण्यात आहे, आणि आपल्याला बरं वाटतंय. तिने हात मांडीवर दाबून धरले.

सातच्या सुमाराला टेबलावरचा फोन वाजला.

"व्हर्न, मी मर्व्ह. कुणीतरी माझ्या मुलीला विचारलं मी बुडालो का."

"कुठे आहेस?"

"तिच्या घरी. जेवतोय."

"बोट कुठाय?"

पलीकडे काटा-चमचा ताटात ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "विकली, व्हर्न. सकाळी निघालो, स्वतः चालवत नेली खाली, घेणाऱ्या माणसाच्या बंदरात; चारला पोचलो. दिली. ते बटण दाबलं नसतं तर सगळ्यांना घोर लागला असता, म्हणून दाबलं."

म्हणजे यंत्राचं बरोबर होतं. मर्व्हने एकदाच, आयुष्यात पहिल्यांदा, खरोखर पोचल्यावर पोचलो म्हणून सांगितलं होतं. व्हर्नाने माइक उचलला आणि सगळ्यांना परत बोलावलं. तिला कुणी बोल लावला नाही. परतल्यावर डॅरन ओल्या बुटांनी टेकडी चढून आला आणि म्हणाला, तुम्ही केलंत ते योग्यच केलंत. ज्या हळुवारपणे तो बोलला, तेच तिला जास्त लागलं. तो गेल्यावर ती जेसी मेचा चिमटा हातात घेऊन फळीपुढे उभी राहिली. बाहेरच्या रांगेत तो बसत नव्हता, घरच्या रांगेतही बसत नव्हता.

रविवारी मर्व्ह तिच्या दारात आला. हातात कागदात बांधलेले मासे.

"दुकानातून आणले," तो म्हणाला. "आयुष्यात पहिल्यांदा. केवढ्याला देतात माहीत आहे?"

तिने ते घेतले, ओट्यावर ठेवले आणि चहा विचारला नाही. मर्व्ह उभाच राहिला. डोळ्यांना आता खांब दोन दिसतात, डॉक्टरांनी गाडीसुद्धा फक्त गावातल्या गावात चालवायला सांगितली आहे, असं त्याने खाली बघत सांगितलं.

"मला सांगायचंस," व्हर्ना म्हणाली. "मला, मर्व्ह. हजेरीत. सगळे सांगतात तसं."

"सगळे कुठे राहिलेत? माझं संपलं म्हणालो असतो आणि मग? टक टक कुणी करायचं? मी तिथे माइक धरून त्या शांततेत बसलो असतो, आणि तू इथे."

व्हर्नाने ओट्यावरचे मासे उचलून फ्रीजमध्ये ठेवले.

"आणि दुसरं म्हणजे मी गेलो की तुझी हजेरी जाते. ते मला माहीत होतं. ते तुझ्याच आवाजाला कसं सांगायचं? बटण बरं, त्याला काही वाटत नाही."

मग व्हर्नाने किटली ठेवली. दोघांनी चहा घेतला. निघताना त्याने विचारलं, बोटीबरोबर वायरलेसचा हातातला छोटा संच द्यायचा राहून गेलाय, तो मंडळाला परत करू का. ती म्हणाली, महिनाअखेरपर्यंत राहू दे.

मार्चचा शेवटचा दिवस. पाचला पाच मिनिटं कमी. व्हर्नाने स्वेटर खुंटीला लावला, काच पुसली, बसली, लिपस्टिक लावली. बाजूच्या स्क्रीनवर सहा ठिपके होते, सगळे हिरवे, सगळे सुखरूप. खाली धक्क्याच्या टोकाशी मर्व्हची जुनी पिकअप उभी होती, तोंड पाण्याकडे.

"पोर्ट हॅलम, सर्व बोटींना. पाच वाजले. हजेरी घेते."

आज तिने बोटींनी बोलण्याची वाट पाहिली नाही. फळीवरून एकेक नाव वाचत गेली. 'पेगी', जी केव्हाच मोडीत गेली. 'कोरल क्वीन'. 'टू ब्रदर्स'. कीथची 'मॉर्निंग टाइड', जी विकून आता वीस वर्षं होत आली. प्रत्येक नावानंतर ती थांबत होती, जितकं माणूस उत्तरासाठी थांबतो तितकंच. पेटीतून नुसती खरखर येत होती. शेवटचा चिमटा तिच्या हातात होता.

"जेसी मे."

"जेसी मे," मर्व्हचा आवाज आला. "धक्क्यावर. गाडीत. माणसं एक." मग थोडी खरखर. "माझं संपलं, व्हर्न."

टक टक करण्याचा हक्क बोटींचा. टेकडीवरून ते कधी केलं जात नाही. व्हर्ना वाट पाहत राहिली. स्क्रीनवरचे ठिपके आपापल्या वाटेने सरकत होते. त्यांच्या बोटींवर वायरलेस होते, पण बंद. कुणी मुद्दाम गप्प बसलं नव्हतं. तिने अंगठा माइकच्या बटणावर ठेवला आणि दोनदा दाबला.

खाली गाडीचे दिवे एकदा लागले आणि विझले. मर्व्हने गाडी वळवली आणि ती हळूहळू, फार हळू, गावाकडे निघून गेली. व्हर्नाने वहीत तारीख लिहिली, त्यापुढे जेसी मे, त्यापुढे एक. चिमटा स्वेटरच्या खिशात टाकला. ऊन आता बरोबर टेबलावर आलं होतं. रोजचं एवढंच काम राहिलं होतं. ती पेटीकडे झुकली, घसा साफ केला, माइकचं बटण दाबलं आणि अठ्ठावीस वर्षं विचारत आली तसंच, त्याच स्वरात विचारलं, "आणखी कुणी आहे का?"